अस्सल बरहुकूम : क्लिपबोर्ड, नक्कल आणि पवनीतील एक वाक्य

१/ संगणकावर मजकूर निवडून ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ ही दोन बटणे दाबली, की तो मजकूर नेमका कुठे जातो? पडद्यावर काहीच घडलेले दिसत नाही. मजकूर एका अदृश्य जागी ठेवला जातो. तिला क्लिपबोर्ड म्हणतात. नक्कल तर हाती येते. पण ती कशावरून घेतली, कधी घेतली, हे कोण लक्षात ठेवते? इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न शतकानुशतके पडत आला आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे तो एका विद्यार्थिनीपुढे पुन्हा उभा राहिला. त्याविषयी हा थ्रेड.

२/ पवनी हे वैनगंगेकाठचे प्राचीन नगर. तेथील महाविद्यालयात शिकणारी ही मुलगी वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी जिल्ह्याच्या इतिहासावर लेख लिहीत होती. दोन आठवडे रोज संध्याकाळी ती घरच्या जुन्या डेस्कटॉपसमोर बसे. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस पाने उघडी असत. एका पानावरचे वाक्य उचलायचे, आपल्या मजकुरात आणून ठेवायचे, मग पुढच्या पानाकडे वळायचे. लेख भराभर वाढत गेला. छापून काढलेला पहिला खर्डा तिने आजोबांपुढे, म्हणजे आबाजींपुढे ठेवला.

३/ आबाजींनी चष्मा पुसून वाचायला घेतले आणि दुसऱ्याच पानावर ते थांबले. नवेगाव बांध हा भंडारा जिल्ह्यातील मोठा तलाव आहे, अशा अर्थाचे वाक्य तेथे होते. “हे कुठून उतरवून घेतलंस?” त्यांनी विचारले. “इंटरनेटवरून, आबाजी.” “इंटरनेट म्हणजे अख्खा दप्तरखाना झाला. कागद कोणत्या बस्त्यातला, ते विचारतो आहे मी.” तिला उत्तर देता येईना. मग ते शांतपणे म्हणाले, “माझ्या नोकरीत हे वाक्य खरं होतं. आता नाही.”

४/ त्यांचे म्हणणे बरोबर होते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि नवेगाव बांध गोंदियाकडे गेला. आजच्या भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे सात तालुके आहेत. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी गॅझेटियरमधील ‘भंडारा’ याहून पुष्कळ मोठा होता. त्यामुळे जिल्ह्याविषयीचे एकच वाक्य एका साली सत्य असते आणि दुसऱ्या साली चूक ठरते.

५/ चूक एका वाक्यापुरती असती, तर दुरुस्त करून विषय संपला असता. अडचण निराळीच होती. ते वाक्य ज्या लेखातून आले, तो १९९९ पूर्वीचा होता. आणि त्याच लेखातून तिने आणखी काय काय उचलले होते, हे तिला सांगता येईना. जिल्ह्याचे क्षेत्रफळ? तालुक्यांची यादी? इटियाडोह धरणाचा उल्लेख? स्मरणिका एकदा छापली गेली, की गावोगावच्या शाळांतील मुले तिच्यावरून निबंध उतरवणार. तेव्हा संशय आता साऱ्या लेखावरच होता.

६/ हे का घडले, ते समजण्यासाठी क्लिपबोर्डचा स्वभाव पाहावा लागतो. साध्या क्लिपबोर्डमध्ये एका वेळी एकच वस्तू मावते. नवी नक्कल घेताच जुनी पुसली जाते, तीही न विचारता, मागमूस न ठेवता. दिवसभरात दोनशे वेळा नक्कल केली, तरी संध्याकाळी क्लिपबोर्डच्या स्मरणात शेवटची तेवढी उरते. शाळेतील पाटीसारखा हा प्रकार. लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. ज्याला साऱ्या दिवसाचा हिशेब हवा, त्याला पाटी पुरत नाही, रोजकीर्द लागते.

७/ ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द संगणकाआधीचे, कात्री आणि खळ यांच्या काळातले. प्रकाशनसंस्थांतील संपादक टंकलिखित पानाचे तुकडे कापत, त्यांचा क्रम बदलत आणि दुसऱ्या कागदावर चिकटवत. हीच कृती संगणकावर आणणाऱ्यांत लॅरी टेस्लर यांचे नाव अग्रभागी आहे. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले टेस्लर १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात दाखल झाले.

८/ तेथे टिम मॉट यांच्यासह त्यांनी ‘जिप्सी’ ही लेखनप्रणाली तयार केली. झेरॉक्सच्या मालकीची ‘जिन अँड कंपनी’ ही पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था होती. तिच्या संपादकांसाठी हे काम सुरू झाले. संगणक न शिकलेल्या माणसालाही मजकूर हलवता यावा, हा टेस्लर यांचा आग्रह. १९८० मध्ये ते ॲपलमध्ये गेले. १९८३ चा ‘लिसा’ आणि १९८४ चा ‘मॅकिंटॉश’ यांतून कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या क्रिया सामान्य माणसाच्या हाती आल्या. झेड, एक्स, सी आणि व्ही ही शेजारी-शेजारी बसलेली बटणेही त्याच काळात रूढ झाली.

९/ क्लिपबोर्डमध्ये एकच खण का ठेवला असेल? एक तर तो समजायला सोपा. दुसरे, त्या काळी स्मृती महाग होती. पहिल्या मॅकिंटॉशची कार्यस्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. आज भ्रमणध्वनीतील एका छायाचित्रालाही तेवढी जागा अपुरी पडते. अशा यंत्राने जुन्या नकला जपाव्यात, ही अपेक्षाच अवास्तव ठरली असती. पुढे स्मृती स्वस्त झाली, पण एका खणाची सवय मात्र अंगवळणी पडून राहिली.

१०/ अनेक नकला जपण्याची कल्पनाही तितकीच जुनी. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये आकाराला आलेल्या ‘ईमॅक्स’ या संपादकाच्या परंपरेत कापलेले तुकडे एका वलयात साठवण्याची सोय रुजली. मागे मागे जात जुना तुकडा परत आणता येतो. ऑफिस २००० मध्ये १२ नकलांचा क्लिपबोर्ड आला, पुढच्या आवृत्तीत ही संख्या २४ झाली. खुद्द विंडोजमध्ये नकलांचा इतिहास यायला मात्र ऑक्टोबर २०१८ च्या अद्यतनाची वाट पाहावी लागली.

११/ या सोयीला क्लिपबोर्ड मॅनेजर म्हणतात. हा पार्श्वभूमीत चालणारा एक लहान प्रोग्रॅम. क्लिपबोर्डवर काही नवे आले, की तो त्याची प्रत आपल्या साठ्यात ठेवतो आणि मागाल तेव्हा यादी दाखवतो. विंडोजवर ‘डिट्टो’, लिनक्सच्या केडीई या डेस्कटॉपवर ‘क्लिपर’, तर अनेक प्रणालींवर चालणारा ‘कॉपीक्यू’ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. तिन्ही विनामूल्य आहेत आणि तिन्हींची मूळ आज्ञावली सर्वांना पाहता येते.

१२/ लिनक्सवर तर याची गरज अधिकच. तेथील एक्स या जुन्या चित्रप्रणालीत ‘नक्कल करा’ म्हटल्यावर मजकूर लगेच कुठेही जात नाही. मूळ प्रोग्रॅम केवळ सांगून ठेवतो, की मागणी आल्यावर मजकूर देईन. हुंडीसारखा हा व्यवहार. हुंडी लिहिणारी पेढीच बंद झाली, तर कागद हातात घेऊन काय उपयोग? तसेच मूळ प्रोग्रॅम मिटला, की नक्कलही नाहीशी होऊ शकते. क्लिपबोर्ड मॅनेजर हुंडी ताबडतोब वटवून रोकड आपल्याकडे ठेवतो.

१३/ पवनीच्या त्या घरात हे सारे एका मैत्रिणीच्या फोनवरून कळले. मुलीने विंडोजचे बटण आणि व्ही एकत्र दाबले. इतिहास सुरू करायचा का, अशी विचारणा आली. ही सोय मुळात बंद असते. तिने होकार दिला आणि पुन्हा कामाला लागली. तासाभराने तेच बटण दाबल्यावर तिने घेतलेल्या नकला एकाखाली एक उभ्या होत्या. आपण कोणत्या क्रमाने काय उचलले, हे तिला प्रथमच दिसले. मागच्या दोन आठवड्यांचे मात्र त्यात काहीच नव्हते. न लिहिलेली कीर्द नंतर उघडता येत नाही.

१४/ दुसऱ्या दिवशी वीज गेली. संगणक पुन्हा सुरू झाला, तेव्हा ती यादीही रिकामी होती. विंडोजची ही यादी २५ नोंदींपर्यंतच जाते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर पुसली जाते. टाचून ठेवलेल्या नोंदी तेवढ्या शिल्लक राहतात. म्हणून तिने ‘डिट्टो’ बसवला. तो नकला डिस्कवरील डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यामुळे वीज गेली तरी नोंदी टिकतात आणि शब्द टाकून शोधताही येतात. तिने सारा लेख बाजूला ठेवून नव्याने टिपणे काढायला सुरुवात केली.

१५/ नव्या यादीत एक विचित्र नोंद दिसू लागली. एका जुन्या मराठी फाइलमधून तिने ‘भंडारा’ हा शब्द असलेला परिच्छेद घेतला होता. यादीत मात्र त्या शब्दाच्या जागी एच, के, ए, एम, के, जे, के अशी सात रोमन अक्षरे ओळीने उभी होती. फाइल उघडली की शुद्ध मराठी, नक्कल घेतली की निरर्थक रोमन. फाइल बिघडली आहे, असे तिला वाटले. प्रत्यक्षात फाइल धडधाकट होती.

१६/ ती फाइल ‘कृतिदेव’ या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेली होती. अशा फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच असतो. त्या अक्षरांवर देवनागरी आकारांचे मुखवटे चढवलेले असतात. ‘भ’ साठी एच आणि के, कान्यासाठी के, अनुस्वारासाठी ए, ‘ड’ साठी एम, ‘र’ साठी जे. फाँट सोबत आहे तोवर मुखवटा टिकतो. नुसता मजकूर उचलला, की मुखवटा मागे राहतो. मुद्रणालये आणि कार्यालये यांतील पुष्कळसा मराठी मजकूर वर्षानुवर्षे असाच साठत गेला.

१७/ मराठीच्या इतिहासाला हा अनुभव नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपी रवळोबासांच्या नावाशी जोडली जाते. तिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह येते. किल्ली ठाऊक असलेल्यालाच अर्थ लागतो. ती किल्ली पंथाबाहेर नसल्यामुळे हे वाङ्मय इतरांना शतकानुशतके अज्ञात राहिले. सकळ लिपीमागे गुप्ततेचा हेतू होता, फाँटमागे तसा काही नव्हता. पण किल्ली हरवलेल्या वाचकाची अवस्था दोन्हीकडे सारखीच.

१८/ फाँट बदलणाऱ्या प्रोग्रॅमने त्या सात रोमन अक्षरांतून ‘भंडारा’ परत मिळवता आला. याहून वाईट अपघात प्रश्नचिन्हांचा. युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये युनिकोड मराठी चिकटवली, तर प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह उमटते. कारण विंडोजच्या जुन्या सांकेतिक तक्त्यांत देवनागरीला जागाच नव्हती. हे नुकसान मात्र भरून येत नाही. दहा अक्षरांची दहा प्रश्नचिन्हे झाली, की कोणते चिन्ह कोणत्या अक्षराचे, हे सांगणारी किल्ली कुणाकडेच नसते.

१९/ या गोंधळावर उपाय म्हणून सर्वांचा एकच संकेत हवा होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये युनिकोड मराठी लिहिण्या-वाचण्याची सोय आली. ब्राह्मीला युनिकोडमध्ये २०१० साली, तर मोडीला २०१४ साली स्थान मिळाले. म्हणजे आज मोडी अक्षराचीही क्लिपबोर्डवरून नक्कल घेता येते. पलीकडच्या संगणकावर मोडीचा फाँट हवा इतकेच.

२०/ आता मूळ प्रश्नाकडे. नकलेबरोबर तिचा उगम खरोखरच हरवतो का? येथे एक आश्चर्य आहे. ब्राउझरमधून मजकूर उचलला, की क्लिपबोर्डवर त्याची अनेक रूपे एकाच वेळी ठेवली जातात : निव्वळ अक्षरे, आणि फाँट-रंग-दुवे यांसह सजवलेले रूप. विंडोजवर या सजवलेल्या रूपाच्या माथ्यावर एक छोटी ओळ असू शकते. मजकूर कोणत्या पानावरून घेतला, त्याचा पत्ता तिच्यात असतो. वापरणाऱ्याला ही ओळ सहसा दिसत नाही.

२१/ चिकटवताना ती ओळ बहुतेक वेळा गळून पडते. लेखनाचा प्रोग्रॅम आपल्याला हवे ते रूप घेतो आणि पत्ता सोडून देतो. ‘वननोट’सारखा एखादा प्रोग्रॅम मात्र चिकटवलेल्या मजकुराखाली तो पत्ता लिहून ठेवतो. आणि ‘फक्त मजकूर चिकटवा’ असे सांगितले, की उगमाची खूण उरतच नाही. त्या मुलीच्या वाक्यांबरोबर त्यांचे पत्ते क्लिपबोर्डपर्यंत आले असणार. तिच्या लेखात ते शिरू शकले नाहीत, कारण ते मागण्याची पद्धतच तिला माहीत नव्हती.

२२/ आबाजींना ती माहीत होती. ते जिल्ह्याच्या ठिकाणी नकलनवीस होते. अर्ज आला की जुन्या कागदाची नक्कल करून देणे हे त्यांचे काम. नकलेच्या पायथ्याशी अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख. मग ‘नक्कल करणार’ म्हणून एक सही आणि ‘रुजवात घेणार’ म्हणून दुसरी. रुजवात म्हणजे नक्कल मुळाशी शब्दन् शब्द ताडून पाहणे. हे सारे झाल्यावरच त्यावर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा पडे. लिहिणारा आणि तपासणारा एकच माणूस नसावा, हा त्यामागचा दंडक. एका सातबाऱ्यातील एका आकड्यावर कुणाचे शेत अवलंबून असे.

२३/ हीच सचोटी मराठीच्या आद्य गद्यग्रंथातही आढळते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार भेटतात. खिलजींच्या आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. हिराइसा आदी अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. आठवणी जुळेनात, तेव्हा संकलकांनी एक आठवण ठेवून दुसरी पुसली नाही. निराळी आठवण ‘वासना’ या संज्ञेखाली नोंदवली, अनेकदा ती कुणाची हेही सांगितले. १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली लीळाचरित्राची आवृत्ती प्रसिद्ध झाली. अनेक पोथ्या ताडून असे संपादन करता येते, ते पोथ्यांनी आपापले पाठ जपून ठेवल्यामुळे.

२४/ आणि पवनीच्या मातीत तर याहून जुना दाखला आहे. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी येथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. त्यांच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीत छोटे लेख आहेत : हे दान अमक्याचे. स्तूप ढासळला, दगड विखुरले, तरी दात्याचे नाव दगडाबरोबरच राहिले, कारण ते दगडावरच कोरलेले होते. स्वतंत्र यादीत लिहिले असते, तर यादी केव्हाच नष्ट झाली असती.

२५/ त्यावरून मुलीने आपली पद्धत ठरवली. मजकूर उचलण्यापूर्वी पानाचा पत्ता उचलायचा. पुस्तक असेल तर नाव, साल आणि पृष्ठ टंकून त्याची नक्कल घ्यायची. मग मजकूर. क्लिपबोर्ड मॅनेजरच्या यादीत दोन्ही नोंदी लागोपाठ बसतात आणि टिपणात एकत्र चिकटवता येतात. उगम मजकुराला खेटूनच ठेवायचा, वेगळ्या फाइलमध्ये नाही. पत्त्याशिवायचा परिच्छेद टिपणात घ्यायचा नाही. प्रत्येक नकलेला अर्धे मिनिट अधिक लागू लागले. पहिल्या दोन दिवसांत ती कंटाळली, तिसऱ्या दिवशी हात वळला.

२६/ स्मरणारे यंत्र सारेच स्मरते, हेही तिला कळले. एकदा शोधपेटीत भलताच शब्द टाकल्यावर आईच्या बँकखात्याचा क्रमांक वर आला. महिन्याभरापूर्वी कुणीतरी तो अर्जात चिकटवला होता. पासवर्ड, आधार क्रमांक, खाजगी निरोप, सारे या साठ्यात जाऊन बसते. म्हणून सायबर कॅफे, वाचनालय किंवा सेवा केंद्र अशा सामाईक संगणकावर नकलांचा इतिहास बंद असावा, निदान उठताना पुसावा. घरच्या संगणकावरही अशा नोंदी वेळच्या वेळी काढून टाकाव्यात. दप्तरखान्याला कुलूप असे, ते उगाच नव्हे.

२७/ नव्या टिपणांवरून लेख पुन्हा लिहिला गेला, तेव्हा पहिल्या खर्ड्यातील आणखी तीन वाक्ये जुन्या, अखंड जिल्ह्याची निघाली. क्षेत्रफळाचा आकडा, इटियाडोह धरण आणि गोंदिया जंक्शन. तिने ती खोडली नाहीत. ‘१९९९ पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात’ असे म्हणून त्यांना त्यांच्या काळात नेऊन बसवले. नवेगाव बांधही लेखात राहिला. तलाव बांधणारे कोहळी आणि त्यांची जलव्यवस्था समजून घेताना दोन्ही जिल्ह्यांचा एकत्र विचार करावाच लागतो. प्रशासनाची रेषा फार नंतरची.

२८/ लॅरी टेस्लर १६ फेब्रुवारी २०२० रोजी निवर्तले. मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे त्यांनी इतके सोपे केले, की त्यात काही काम आहे हेच माणसे विसरली. ते काम पवनीत एका रात्री दोघांनी मिळून केले. मुलगी पडद्यावरचे मूळ मोठ्याने वाचत होती, आबाजी छापील खर्ड्यावर बोट ठेवून ऐकत होते. दोन ठिकाणी त्यांनी तिला थांबवले. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, एका ठिकाणी साल. दुरुस्त्या झाल्यावर त्यांनी शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘रुजवात घेतली’ असे लिहिले, तारीख घातली आणि सही केली.